सारसांच्या तलावाबद्दल मी जे बोललो

बाळू, मी जबलपूरला निघालो त्या सकाळी तू बसच्या टपावर माझी पेटी चढवत होतास आणि आपले बाबा चिखलाच्या पायांनी धावत आले होते. थेट तलावावरून. काठच्या धानात सारसाच्या जोडीनं अंडी घातली होती आणि बाबा रोज तिथं कुत्री हाकलायला जायचे. घरट्याभोवतीचा धान ते कधी कापत नसत. "कोणी इचारलं, कोन्या गावचा, त लाजू नोको," ते खिडकीखालून ओरडले. "सांगजो, आमच्या तलावावर सारस राह्यते!" बसमधली माणसं हसली. मी तोंड फिरवलं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. छोट्या लाइनच्या, नॅरोगेज गाडीनं जबलपूर गाठलं आणि केंद्र सरकारच्या ऑफिसात नकाशे गिरवायला लागलो. हिंदी अशी उचलली की विचारू नकोस. फक्त मधूनच तोंडातून 'हो'च्या जागी आपलं गावाकडचं 'हौ' निसटायचं आणि टेबलाभोवतीचे लोक दिवसभर चिडवायचे.

मग एक दिवस खरंच कुणीतरी विचारलं. पाणपक्ष्यांसाठी कोणते तलाव राखायचे, त्याची यादी चालली होती. साहेबांनी नकाशात आपल्याच तलावावर बोट ठेवलं. "तुम तो उधर के हो ना? यहाँ कुछ है?" सगळे माझ्याकडे बघत होते. सारस म्हटलं असतं तर पुढं बाबा आले असते, त्यांचे ते पाय आले असते. मी म्हणालो, "कुछ नहीं सर, कीचड़ है." साहेबांनी फुली मारली आणि पुढचा नकाशा उघडला.

नंतरचं तू डोळ्यांनी पाहिलंस. तलाव राखीव नव्हता, म्हणून पाळ, तो मातीचा बांध, फोडली, पाणी सोडलं, गाळात धान लावला. दोन पावसाळे ती जोडी येऊन शेताच्या धुऱ्यावर नुसती उभी राहायची. तिसऱ्या वर्षी आली नाही.

त्या दिवाळीला बाबा मला फुटक्या पाळीवर घेऊन गेले.  मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू त सांगतलंच असशीन. त्याइनंच आयकलं नसन."

मी म्हणालो, "हौ."

बाबा तेच खरं मानून गेले. तुला हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, याचीही लाज वाटते. बायको-पोरं, घरदार सगळं इथं आहे, पण घर म्हटलं की मला ती फुटकी पाळ दिसते. ज्या शब्दाची मला चारचौघांत लाज वाटायची, तोच वापरून मी बाबांना फसवलं.