फार गोड आकडा

चांगला आकडा आला की आम्ही खूश व्हायचो आणि मॅडम चष्मा काढून डोळे चोळायच्या. "फार गोड आलाय. परत लाव."

आनंदाच्या वेळी दाराची कडी तपासणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मसाटच्या कारखान्यात धातूंवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या शेडमागे आमची दोन खोल्यांची लॅब होती. मॅडम नाशिकच्या, मी शिरपूरचा, त्यांचा असिस्टंट. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलसाठी त्या प्लॅटिनमचे पापुद्रे बनवायच्या, जेमतेम काही अणूंच्या जाडीचे. "कणाच्या पोटातलं प्लॅटिनम फुकट जातं रे. पापुद्र्यात सगळं कामाला लागतं," त्या म्हणायच्या. तेवढ्या प्लॅटिनममागे वीज किती मिळते, तो आमचा आकडा.

ज्यांच्या होकारावर लॅब टिकणार होती ते पाहुणे यायचे होते, त्याच सकाळी आकडा दुप्पट आला. कारखान्याच्या साहेबांनी पेढे मागवले. मॅडम माझ्याकडे वळल्या.

"रेफरन्स नवा लावलास ना?"

रेफरन्स म्हणजे ज्याच्याशी ताडून बाकी सगळं मोजायचं तो इलेक्ट्रोड. तो बिघडला की सगळेच आकडे खोटे. घाईत जुनाच राहिला होता. आकडा पाहताक्षणी मला शंका आली होती, आणि मी गप्प बसलो होतो.

"जुनाच आहे, मॅडम."

त्या रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. "काढ," एवढंच म्हणाल्या.

"मॅडम, अभी रहने दो ना," साहेब कुजबुजले. "गाडी गेटवर आलीय. आज हे दाखवू, मग बघू."

"दहा मिनिटं द्या, साहेब."

मी नवा इलेक्ट्रोड बसवला. आकडा निम्म्यावर आला. पाहुणे आत आले तेव्हा स्क्रीनवर तोच होता.

"सकाळी दुप्पट आला होता. ती आमची चूक," मॅडम म्हणाल्या. "खरा हा आहे."

'आमची' म्हणाल्या. मी खाली फरशीकडे पाहत राहिलो.

एका वयस्कर पाहुण्यांनी विचारलं, "आणि टिकतो किती?"

"अजून माहीत नाही."

पाहुण्यांनी फाइल मिटली.

महिनाभरात लॅब बंद झाली. मला प्लेटिंगला टाकलं. मॅडम नाशिकला परतल्या. पुढे त्यांचा फोन नंबरही बदलला. त्या खोलीत आता पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात.

पण त्यांची शेवटची दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. टेबल उचलायला दोन हमाल आले, तेव्हा मशीनवर टिकण्याची चाचणी चालूच होती. हजार फेऱ्यांतल्या थोड्या उरल्या होत्या. दर फेरीला स्क्रीनवर एक रेघ उमटायची; ती पहिलीपासून सरकली की पापुद्रा झिजला समजायचं.

"भाऊ, एवढं होऊ द्या," मॅडम म्हणाल्या.

हमाल खोक्यांवर बसले. शेवटची रेघ हळूहळू उमटत गेली, पहिल्या रेघेवर अगदी चपखल बसत. मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"बघ. हलली नाही."

त्यांच्याशिवाय आणि माझ्याशिवाय ते कुणालाच कळणार नव्हतं. तरी त्यातला एक हमाल उठून जवळ आला आणि त्या रेघेकडे मान वाकडी करून बघत राहिला.