नळाला चिकटलेला कागद

माझी शाळा चौथीपर्यंत. पण नातीला विज्ञान मीच शिकवायचो, अन् त्यासाठी कुणाला विचारत नव्हतो. हयातभर पंक्चरचं दुकान चालवलं. हवा अन् पाणी कसं वागतं ते या हातांना ठाऊक हाय. तिला नेम घालून दिला होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, अन् एकदा दिसलं म्हणून खरं मानायचं नाय, उलटं करून बघायचं.

पोराला ते खुपायचं. "दादा, तुम्ही तिचं डोकं बिघडवताय. पुढल्या महिन्यापासून ट्यूशन."

"माझ्या मढ्यावरून ने," मी म्हणालो.

आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत पाणी येतं तो दिवस भांडणाचा. त्या दिवशी पाणी सुटलं, तरी अंगणातला नळ कोरडाच. नातीनं तोटीला तळवा लावला अन् ओरडली, "आजोबा, नळ हात ओढतोय!"

मी पेपरचा तुकडा ओला करून तोटीला लावला. चप्पकन् चिकटला. "कुणीतरी मोटर लावून लाईनीतलं पाणी खेचतंय," मी तिला सांगितलं. कोण, ते मी मनातच ठरवून टाकलं होतं. शेजारी एक रिटायर बस ड्रायव्हर राहतो, त्याचं अन् माझं जुनं वाकडं. टायर उचकटायची टॉमी घेतली अन् सरळ त्याच्या अंगणात घुसलो.

"ए चोरा, मोटर काढ!"

"तोंड सांभाळ, म्हाताऱ्या! कोरडी घागर दिसंना का तुला?"

त्यानं गचांडी धरली. मी मनगटावर टॉमी हाणली, कडकन् वाजलं. त्यानं दुसऱ्या हातानं पाईपचा तुकडा उचलून माझ्या कपाळात घातला. रक्त डोळ्यात उतरलं, तरी मी हाणतच होतो. गल्ली जमली, पण मधे पडायची छाती कुणाची झाली नाय.

"थांबा!" नात किंचाळली. तिनं शेजाऱ्याच्या तोटीला ओला कागद लावला होता, अन् तो तिथंही चिकटला होता. "यांचापण नळ ओढतोय. एकेकाची लाईट बंद करून बघू."

शेजारी मनगट आवळून म्हणाला, "कर. आधी माझीच कर."

तिनं त्याचं मेन स्विच पाडलं. कागद हलला नाय.

"आता आपली," ती म्हणाली.

"कर," मी छाती काढून म्हणालो. "सगळ्यांना दिसू दे."

ती आमच्या घरात पळाली. कागद गळून पडला. नळ खोकला, अन् पाण्याची धार माझ्या पायावर आली.

"वा दादा!" मागून कुणीतरी म्हणालं. "चोर घरात अन् टॉमी शेजाऱ्याला?"

मी घराकडे धावलो, तेवढ्यात पोरगा आमचा जिना उतरून आला. सरळ पोरीच्या कानाखाली आवाज काढला. ती भिंतीवर आदळली, ओठ फुटला. "घरातलं चव्हाट्यावर आणती व्हय!"

मी त्याला मान धरून जिन्याखाली रेटलं. तिथं पोत्यांखाली मोटर होती. मला कमी ऐकू येतं, म्हणून ती माझ्या खाटेजवळ बिनघोर गुरगुरायची. मानेवरची बोटं मी आवळत गेलो. त्याचं तोंड लाल झालं.

"आजोबा," नात ओठाचं रक्त पुसत म्हणाली, "उलटं करून बघायचं राहिलं."

बोटं सुटली. मी स्वतः जाऊन आमचं स्विच चढवलं. शेजाऱ्यानं धडक्या हातानं कागद तोटीला धरला. धार आटली, कागद चप्पकन् बसला.

"व्हय," तो तिकडून ओरडला. "धरला!"

परत स्विच पाडलं, परत कागद पडला. मग मी टॉमी उचलली अन् पोराच्या डोळ्यांदेखत मोटर फोडली, आतली तांब्याची तार बाहेर लोंबेपर्यंत.

शेजाऱ्याच्या हाताला प्लास्टर, माझ्या कपाळाला टाके. मी माफी मागितली नाय; पाईप त्यानंही मारला होता. ट्यूशनचं नाव मात्र परत घरात निघालं नाय. नातीनं ती तार गोळा करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठानंच खाली आली, अन् आम्ही ती मोठ्या खिळ्यावर गुंडाळून सेलला जोडली. टाचण्या उडून खिळ्याला चिकटल्या.

मी काही म्हणायच्या आत तिनं सेलची तार सोडवून बघितली.