खिडकीची जागा

प्रयोगशाळेत आलेख उमटला, की मला अजून महाडहून सुटणारी उमरठची एसटी आठवते. गाडी भरलेली, फक्त एका आजींच्या शेजारी खिडकीपाशी पिशवी ठेवलेली. मी विचारलं तशी त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, पदरानं सीट पुसली. "बस रे, कोन येनार नाय. आमचे मालक बसायचे तितं."

"काय शिकतोस?" असल्या प्रश्नाला मी एरवी 'सायन्स' म्हणून गप्प बसतो. त्या दिवशी मात्र सांगत सुटलो. "अणूच्या गाभ्यात कण बसलेले असतात, प्रत्येकाची जागा ठरलेली. तो गाभा आम्ही वेगानं आपटतो. मग एखादा कण निखळतो. कडेचा सैल असला तर सहज, आतला जखडलेला क्वचितच. उरलेल्या गाभ्याला किती हिसका बसला, ते मोजून आलेख काढतो आणि त्यावरून गेलेला कण कुठं बसायचा ते ओळखतो."

पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "त्यात मोजायचं काय रे? मागं ऱ्हायलेल्याला म्हाईत असतं."

पोलादपूरला उतरताना दारातून वळून पाहिलं. त्यांनी पुन्हा सीट पुसली आणि पिशवी खिडकीपाशी ठेवली.