शोभनाच्या कॅम्परची मान

शोभनाला पिकअप ट्रक चालवताना बघितलं की देवळातल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. पाच फुटाची बाई, पाठीशी उशी घेऊन बसलेली, हातात तेवढालं चाक, आणि मागं कॅम्पर, म्हणजे चाकावरचं दोन खोल्यांचं घरच. शोभनाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत अठ्ठावीस वर्षं तिनं घरात पाळणाघर चालवलं होतं. ती म्हणायची, "सहा पोरांना झोपवण्यापेक्षा कॅम्पर मागं घेणं सोपं. कॅम्पर रडत तरी नाही."

नवरा मोरेश्वर. कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत होता, मागच्या साली रिटायर झाला. माणूस सरळ, पण एखादी गोष्ट त्यानं शोधून काढली की मग ती चुकीची असूच शकत नाही, असा.

कॅम्पर घ्यायचं खरं कारण त्यांची लेक नेत्रा. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करते. तिचा नवरा अक्षतही तिथंच शिकतो. दोघांचं मिळून एका बेडरूमचं अपार्टमेंट. दोन वर्षांपूर्वी शोभना तिच्याकडं महिनाभर राहून आली. एक दिवस ही भाजी चिरत बसलेली आणि नेत्रा बाथरूममधून फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "आई आली की घर भरून जातं यार, वळायला जागा राहत नाही." पोरीनं काही वाईट म्हणून म्हटलं नव्हतं. पण शोभनानं ते मनात ठेवलं. कुणाला कळू दिलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. फक्त घरी आल्यावर म्हणाली, "आपण एक कॅम्पर घेऊ या का? जाऊ तिथं आपलं आपलं घर."

मग नेत्राला दिवस गेले. तारीख वसुबारसेच्या आसपासची. शोभनाच्या कानाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरनं विमान बंद करून टाकलेलं. म्हणून ठरलं की दसऱ्याला निघायचं, आठ-नऊ दिवसांत पोचायचं, गावाबाहेर कॅम्पर लावायला जागा असते तिथं राहायचं, रोज सकाळी डबा घेऊन लेकीकडं जायचं आणि संध्याकाळी परत. बाळंतपण तर करायचं, पण पायात यायचं नाही. शोभनाचा सगळा जीव त्या बेतात अडकला होता.

आता त्या जोडणीचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अशा कॅम्परच्या नाकाखाली एक जाड आखूड खिळा असतो. ट्रकच्या मागच्या हौद्यात एक मोठी लोखंडी तबकडी बसवलेली असते, तो खिळा तिच्यात जाऊन अडकतो. पण ती तबकडी फार जड, आणि अख्खा हौदा अडवून बसते. मोरेश्वर त्याच ट्रकमधून मंडळाच्या खुर्च्या आणायचा, मातीची पोती आणायचा. दर वेळी तबकडी काढा, परत घाला. त्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मग त्यानं एक अडॅप्टर शोधून काढला, गूजनेक म्हणतात त्याला. लांब नळकांडं असतं. वरून ते खिळ्याला आवळायचं, आणि त्याचं खालचं तोंड हौद्यातल्या एका लोखंडी गोळ्यावर बसवायचं. तबकडी गेली, राहिला फक्त गोळा. काम नसलं की तो गोळाही उपसून उलटा भोकात घालायचा, की हौदा पाटासारखा सपाट.

"बघितलंस?" मोरेश्वर म्हणाला. "सगळी जागा मोकळी."

"जागा मोकळी झाली, पण कॅम्पर मागून ढुशी देतो हो हल्ली," शोभना म्हणाली. चाकावर जास्त करून तीच असायची, तिला पाठीत कळायचं.

"सवय होईल."

उन्हाळ्यात चार फेऱ्या झाल्या तशाच.

खंडेनवमीला दोघं कॅम्पर ठेवायच्या यार्डात गेले, मॉर्गन हिलच्या पुढं. अपार्टमेंटवाले कॅम्पर दारात उभा करू देत नाहीत, म्हणून सगळ्यांचे तिथं रांगेनं लावलेले असतात. शोभना दर वर्षी नवमीला हत्यारांची पूजा करायची, म्हणजे सुरी, विळी, मोरेश्वरचे पाने-पक्कड, आणि आता हा कॅम्पर. तिनं त्याचं नाक पुसलं, झेंडूची माळ बांधली. लोखंडावर पाण्यातलं कुंकू टिकत नाही, ओघळतं, म्हणून तिनं वाटीत तेलात कालवून आणलं होतं. खिळ्याच्या वर, जिथं त्याचा जाड पत्रा कॅम्परच्या सांगाड्याला जोडलाय तिथं, ठळक स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. शेजारच्या कॅम्परवाल्या गोऱ्या म्हाताऱ्यालाही खोबऱ्याचा तुकडा दिला. तो म्हणाला, तुमच्या गाडीचा वाढदिवस आहे का. शोभना म्हणाली, "तसंच समजा."

दुसऱ्या दिवशी दसरा. सामान भरून झालं, आपट्याची पानं इथं कुठली, पण नाव घेऊन निघायचं म्हणून शोभनानं हात जोडले. मोरेश्वर जोडणी करायला गेला आणि आधी त्यानं थिनरच्या फडक्यानं ते कुंकू पुसलं, कपड्याला लागतं म्हणून. सगळं स्वस्तिक गेलं. एक रेघ राहिली. बारीक, बोट-दीड बोट लांब, भांगात कुंकू भरावं तशी.

त्यानं परत घासलं. गेली. तो ट्रक मागं घ्यायला वळला, तेवढ्यात शोभना म्हणाली, "अहो, ती परत आली."

"काय परत आलं?"

"रेघ."

खरंच आली होती. पुसली की जायची, पाचेक मिनिटांनी आतून पाझरून परत लाल दिसायची. मोरेश्वर वाकला, चष्मा वर केला, नखानं खरवडलं. "रंगाला तडा गेलाय. वरवरचं आहे."

"वरवरचं असतं तर कुंकू आत शिरलं कुठून आणि निघतंय कुठून?"

मोरेश्वरनं चष्मा खाली घेतला. इंजिनिअर होता, त्याला कळलं होतं. तो वेल्डिंगवाल्याला बोलवायला गेला.

यार्डाच्या फाटकापाशी रामीरो नावाचा वेल्डिंगवाला आहे. त्यानं टॉर्च मारली, हातोडीनं दोन ठिकाणी ठोकून आवाज ऐकला, आणि खडूनं रेघेभोवती गोल काढला. मग मोरेश्वरला विचारलं, "हे नळकांडं तुम्ही लावलंत?"

"हो."

"खिळा आखूड असतो तेव्हा ट्रकचा हिसका वर बेताचा लागतो. तुम्ही त्याला फूट-दीड फूट लांब दांडी जोडलीत. आता तोच हिसका वर कितीतरी पटीनं लागतो. काही काही सांगाड्यांना चालतं. तुमच्या सांगाड्याचं पुस्तक वाचलंत का?"

मोरेश्वर घरातल्या मिक्सरचंसुद्धा पुस्तक पहिल्या पानापासून वाचणारा. पण हा कॅम्पर जुना घेतलेला, पुस्तक मिळालंच नव्हतं, आणि त्यानंही मागवलं नव्हतं. रामीरोनं फोनवर शोधून दाखवलं. बनवणाऱ्यानं साफ लिहिलं होतं, असला अडॅप्टर लावू नये.

शोभनाला ते दांडीचं लगेच पटलं. पुरण घोटताना लांब दांड्याचा चमचा घेतला की तो मानेतच वाकतो, हातात नाही आणि पुरणातही नाही. तिनं तसं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आत्ता पुरण कुठं काढतेस."

रामीरो म्हणाला, पुढचा पत्रा उघडावा लागेल, आत आणखी कुठं चीर गेलीय बघावं लागेल, पट्ट्या घालाव्या लागतील. तीन आठवडे.

तीन आठवडे म्हणजे दिवाळी उलटून जाणार. तोवर बाळ झालेलं असणार.

मोरेश्वर कडेला येऊन हळूच म्हणाला, "हे बघ, घरी तबकडी आहे. ती घालू, अडॅप्टर नको. ताशी पन्नास मैलांच्या वर जायचं नाही. सावकाश जाऊ."

शोभना त्या लाल रेघेकडं बघत उभी राहिली. मन त्याच्याच बाजूनं ओढत होतं. कॅम्परमध्ये सगळं लावलेलं होतं, डिंक, खारीक, अळीव, शेक द्यायची शेगडी, बाळाची दुपटी. आणि कॅम्पर गेला नाही तर पुन्हा लेकीच्या त्या एका खोलीत, वळायला जागा नाही तिथं. पण रस्त्यात तो नाकातून तुटला तर? मागून येणाऱ्याला काय माहीत, पुढच्या घराच्या मानेला चीर गेलीय म्हणून?

ती म्हणाली, "कॅम्पर इथंच राहू दे. सामान हौद्यात टाका."

"आणि राहायचं कुठं?"

"लेकीच्या दारात. ठेवील तिथं."

दोन तासांत सामान हलवलं. गोळा उलटा करून भोकात घातला, ताडपत्री बांधली आणि निघाले. मागं ओझं नाही, त्यामुळं सहाव्या दिवशी दुपारी पोचलेसुद्धा. वाटेत नेब्रास्कात कुठंतरी पेट्रोल भरताना मोरेश्वर म्हणाला, "पुस्तक मागवायला पाहिजे होतं."

"हो," शोभना म्हणाली. आणि तिनंही तो विषय तिथंच सोडला.

नेत्रानं दार उघडलं. हे एवढं पोट. आधी खाली वाकून पार्किंगकडं बघितलं. "आई, कॅम्पर कुठंय?"

"आजारी आहे. आम्ही हॉलमध्ये झोपू, बाळ झालं की बघू कुठं जायचं ते."

वसुबारसेच्या दोन दिवस आधी मुलगी झाली, अनिका. शोभना दवाखान्यात होती, लेकीचा हात धरून. तिला जे पाहिजे होतं ते मिळालं. पुढचं मात्र सोपं नव्हतं. एक बाथरूम, पाच माणसं. अक्षत बिचारा थिसिस घेऊन लायब्ररीत जाऊन बसायचा. बाराव्या दिवशी नेत्रा भडकलीच, "आई, प्लीज, प्रत्येक वस्तू हलवू नकोस ना." शोभनानं डबे होते तसे परत लावून ठेवले.

डिंक तळायला घेतला तर धुराची घंटी वाजायला लागली, वरचे शेजारी खाली आले. मग शोभनानं शेगडी उचलली, खाली पार्किंगमध्ये नेली आणि ट्रकच्या हौद्याचं मागचं फळकुट पाडून त्यावर मांडली. अंगात नवऱ्याचं जाड जॅकेट, डोक्याला स्कार्फ. खारीक, खोबरं, अळीव, सगळं हौद्यात ओळीनं. येणारे-जाणारे विद्यार्थी थांबून वास घ्यायचे. एकीनं विचारलं, फूड ट्रक का? मोरेश्वर पीठ चाळत होता, तो म्हणाला, "उद्यापासून."

मग बायकोकडं बघून म्हणाला, "पण हौदा मोकळा असल्याचा फायदा झाला की नाही? तबकडी असती तर मांडली असतीस का शेगडी?"

"झाला ना," शोभना म्हणाली. "ते नळकांडंही टाकू नका. सुंठ कुटायला होईल."

नोव्हेंबर अर्धा झाला तेव्हा रामीरोचा फोन आला, काम झालंय म्हणून. त्यानं फोटोही पाठवले. नुसत्या फोटोत मोरेश्वरला समाधान वाटेना, पण पट्ट्या जाड दिसत होत्या. तो म्हणाला, "मी ट्रक घेऊन जातो, तबकडी घालतो, कॅम्पर घेऊन येतो. मग इथली गर्दी कमी होईल."

शोभना अनिकाला मांडीवर पालथी घालून तेल लावत होती. नेत्रा सोफ्यावर अळिवाची खीर खात होती. लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, इथं डिसेंबरमध्ये कॅम्परच्या पायपात पाणी गोठतं. कशाला आणताय? राहा ना इथंच मार्चपर्यंत."

"गर्दी होते ना गं तुला," शोभना म्हणाली.

"होते," नेत्रा म्हणाली. "खीर अजून आहे का?"

शोभनानं अनिकाला तिच्याकडं दिलं आणि वाटी घेऊन उठली.