नाल्याकाठी भरतीचा हिशोब

उल्हासनगरला समुद्र नाही. आमच्या चाळीमागे वालधुनीचा नाला होता आणि त्याच्या वासावरून पाहुणे घर शोधत येत. अशा गावात आमच्या विज्ञानाच्या बाई नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हाला भरती-ओहोटी शिकवायच्या, तेही पुस्तकात दोनच पानं असताना महिनाभर. मला त्या भयंकर आवडायच्या.

"हा नाला पुढे खाडीला मिळतो," त्या सांगत. "भरतीला खाडी भरली आणि वरून पाऊस कोसळला, तर नाल्याचं पाणी जाणार कुठे? समुद्र हळूहळू चढतोय म्हणतात. तुमच्या पोरांना हे आणखी छळणार. तेव्हा आत्ताच शिका."

भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत त्यांनी आम्हाला दिली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा; अमावस्या पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. आपल्याकडे पाणी पूर्ण चढायला त्यानंतर थोडा वेळ लागतो. महिन्याचा तक्ता घरून करून आणायचा होता.

माझी पंचाईत झाली. आमच्या घरी तिथी नव्हती. आजोबांनी धम्म स्वीकारला त्या दिवशी पंचांग घराबाहेर गेलं होतं, आणि वडील भिंतीवर नुसत्या तारखांचं कॅलेंडर लावत. तक्त्यातला तिथीचा रकाना बघून त्यांचा पारा चढला. दुसऱ्या दिवशी ते तडक शाळेत आले.

"बाई, विज्ञानाच्या नावाखाली पोरांना भटाचं पंचांग शिकवता?"

बाईसुद्धा आमच्यातल्याच. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आपण पौर्णिमेला विहारात जातो ना? तो चंद्र कोणाचा?"

तरीही वडील हटले नाहीत. माझा तक्ता कोराच राहिला. वर्गात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी पहाटेपासून धो धो कोसळत होतं. आमची खोली तळमजल्याची. आईचं शिलाई मशीन दारापाशी, उजेडात असायचं. तिचा सगळा जीव त्यात आणि आमच्या घराचा अर्धा भारही त्यावरच. नाला भरला होता, पण वडील निवांत होते. "वाहतंय ना? मग काय घाबरायचं?"

मी धावत कोपऱ्यावरच्या किराणावाल्या सिंधी काकूंकडे गेले. "आंटी, आज तिथी कौनसी है?"

"अमावस है बेटी. परसों चंड निकलेगा." चंड म्हणजे सिंधीत चंद्र.

सव्वाअकरा! घड्याळात दहा वाजून गेले होते. मी ओरडतच घरी आले. वडील चिडून मला घेऊन नाल्यावर गेले, माझी भीती घालवायला. पाणी थबकलं होतं. मग कोणाची तरी निळी चप्पल आमच्यासमोरून अंबरनाथच्या दिशेने निघाली. उलटी, चढाकडे.

वडिलांनी चप्पल नजरेआड होईपर्यंत पाहिली. नंतर ते घराकडे पळाले. मशीन त्यांनी आणि आईने उचलून माळ्यावर चढवलं. मग चाळभर त्यांचा आवाज घुमला. "भरती आलीय! सामान वर घ्या, म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर न्या!"

दुपारी आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. मशीन कोरडं होतं आणि चाळीतलं एकही माणूस अडकलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर बाई चिखल तुडवत आल्या आणि आमच्या भिंतीवर रंगाने पाण्याची रेघ ओढली. "दर वर्षी बघा, वर सरकते का," म्हणाल्या. तक्त्याचा विषयही काढला नाही. असं मोठं मन मी फार कमी माणसांत पाहिलं.

काही दिवसांनी वडिलांनी तिथ्यांचं कॅलेंडर आणलं. आईच्या कात्रीने वरचं देवाचं चित्र नीट कापून काढलं आणि उरलेला कागद रेघेच्या वर ठोकला. मग माझ्याशेजारी पाटावर बसले.

"तो कोरा तक्ता आण," म्हणाले, "आणि मला शिकव."