नानांचा ट्रंपेट

गेल्या सोमवारी यशवंतनानांच्या मुलाने पंधरवड्यापूर्वी वारलेल्या वडिलांचा ट्रंपेट सोनगीरच्या भांड्यांच्या दुकानात मोडीत दिला. मी सोबत होतो. घासलेल्या पितळेच्या वासाने चार वर्षांपूर्वीची भडगावची वरात आठवली.

आमच्या बँडमध्ये माणसं कमी पडली की न वाजवणाराही गणवेश घालून रांगेत चाले. नानांचे पुढचे दात पडले होते, सूर फाटत होता. बँडमास्तर मी होतो.

"नाना, आज नुसता तोंडाला लावा, फुंकू नका."

"दात गयात भाऊ, बोटे शेतस ना!" शाबूत बोटं नाचवून दाखवत ते हसले.

वरातभर प्रत्येक गाण्यावर त्यांची बोटं बिनचूक फिरली. मांडवाशी त्यांनी विचारलं, "आते एक गानं फुकू का?"

मी घड्याळ पाहिलं आणि नको म्हटलं. त्यानंतर नाना बँडमध्ये आले नाहीत.

दुकानात मी ट्रंपेटची तिन्ही बटणं दाबून पाहिली. तिन्हींना ताजं तेल होतं.