दिव्यदृष्टींचा डावा हात

तीस वर्षं शाळेच्या पुस्तकांत आतड्यांची चित्रं काढून झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी चित्रकार बाईंना गुप्तहेर काढायला मिळाला. साऱ्या जगाला तोंडपाठ असलेल्या एका थोर गुप्तहेराची टिंगल करणारं चित्रकथांचं मासिक होतं ते. त्यातले दिव्यदृष्टीसाहेब कोटाच्या बटणावरून माणसाने सकाळी काय खाल्लं ते सांगत. आपण बसलोय ते प्रेतावर, हे मात्र त्यांच्या लक्षात येत नसे. प्रेतं बाईंना झकास जमत. सुरा कुठे घुसला तर यकृत वाचेल, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! जिवंत माणसांचे चेहरे तेवढे अजून जठरासारखे येत.

मागचे दोन अंक पडून राहिले होते. "हाही नाही उचलला गेला, तर मालिका बंद," असं कथा लिहिणाऱ्या संपादकांनी बजावलं होतं. म्हणजे परत आतडी.

बारा पानं छापून झाली होती; शेवटची चार संध्याकाळपर्यंत द्यायची होती. सोबत राहणारी नणंद, निवृत्त गणितशिक्षिका, छापील पानं घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती.

"वहिनी, बाराव्या पानावर तुमचे साहेब गरजलेत, खुनी डावखुरा आहे म्हणून. मग खुनी कोण निघणार?"

"माळी."

"तो तर कात्री उजव्या हातात धरतो. बाराही पानं."

"तुम्हीच नाही का धरून दाखवलीत?"

"मी आहेच उजव्या हाताची. या अंकात डावखुरा एकच आहे. साहेबांचं भिंग डाव्या हातात, कप डाव्या हातात, पिस्तूलसुद्धा!"

बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. उजव्यात पेन्सिल. मोकळा राहतो तो डावा; त्यात भिंग धरायचं, बघायचं आणि काढायचं. हाताची सत्तावीस हाडं पाठ, आणि हात कुठला ते कळलं नाही!

"आता हो, वन्सं?"

"आता काय! पुरावा छापून झालाय. करा अटक."

बाई कामाला लागल्या. चार पानांत साहेबांनी स्वतःवर संशय घेतला, स्वतःचा पाठलाग केला, आणि आपल्या बुद्धीवर बेहद्द खूश होत स्वतःलाच बेड्या घातल्या. बेड्यांसाठी नणंदेने दोन्ही मनगटं जोडून दिली. "पेन्शन घेणाऱ्या बाईवर काय वेळ आणलीत," असं कुरकुरत तासभर तशीच बसली.

संध्याकाळी संपादकांचा फोन आला. "बाई, कमाल! माझ्या कथेत हे नव्हतंच. पहिल्या पानापासून पेरत आणलंत!"

"पेरलं कसलं, आपोआप उगवलं," नणंद शेजारून म्हणाली.

बाईंनी घाईने फोनवर हात ठेवला आणि मग शांतपणे म्हणाल्या, "हो, थोडा विचार केला होता."

अंक हातोहात संपला. साहेब आता कोठडीतून गुन्हे उकलतात आणि वाचक चित्राचित्रांत बाईंची गूढ योजना हुडकतात. गेल्या महिन्यात एका प्रेताच्या पायाला सहा बोटं निघाली. त्यावर चौदा पत्रं आली आहेत. बाईंनी अजून एकालाही उत्तर दिलेलं नाही.